बिनवासाचं कपाट

मुलीने खण बाहेर ओढला, गुडघ्यांवर बसली आणि सरळ आत नाक घालून वास घेतला. दुकानाचा मालक बघतच राहिला. गिऱ्हाईक लाकूड बोटाने वाजवून बघतं, बिजागऱ्या हलवून बघतं, पाठीमागे वाळवी लागली आहे का ते वाकून बघतं, आणि भाव पाडायचा असेल तर नसलेली वाळवीसुद्धा बघतं. पण हुंगून कपाट निवडणारं गिऱ्हाईक त्याच्या उभ्या आयुष्यात आलं नसावं. मुलगी उठली, खण आत लोटला, "औषधांचा येतोय," म्हणाली आणि पुढच्या कपाटाकडे वळली. तिच्यामागे दोन पावलांवर तिची सावत्र आई उभी होती. मुलगी वास न लागणारं कपाट का शोधते आहे हे तिला ठाऊक होतं, आणि ज्या वस्तूसाठी म्हणून हा सगळा शोध चालला होता ती वस्तू आता तशी राहिलेली नाही, हेही फक्त तिलाच ठाऊक होतं.

हे सुरू झालं घर बदललं तेव्हा. जुन्या घराला ऐसपैस माळा होता. त्यावर नवऱ्याच्या पहिल्या बायकोचे सहा खोके आठ वर्षं निवांत पडून होते. माळ्यावरची माणसं खाली राहणाऱ्यांना त्रास देत नाहीत. नव्या घराला माळा नव्हता. खोके उतरले ते जाण्यायेण्याच्या बोळात, एकावर एक, आणि न्हाणीघराकडे जायचं तर अंग चोरून, आडवं होऊन जावं लागायचं. रोज सकाळी हातात टॉवेल घेऊन ती त्या खोक्यांना घासून जायची तेव्हा तिला वाटायचं, आपण कुणाच्या तरी अगदी जवळून, तोंड चुकवून चाललो आहोत. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळ्यांनी काम करायचा. बोलणं बेताचं. मोटारीच्या घरघरीत उभी हयात काढलेल्या माणसाला घरातली शांतता इतकी आवडते की ती मोडायचा त्याला मोह होत नाही. जेवताना तोच म्हणाला होता, की एक प्लायचं कपाट आणून टाकू, सगळं त्यात जाईल. मुलगी ताटावरून मान वर न करता म्हणाली, "प्लायचं नको बाबा. नव्या कपाटाला डिंकाचा वास येतो, पॉलिशचा येतो. आईच्या स्वेटरला लागेल. त्याला अजून तिचा वास आहे." नवरा पाण्याचं भांडं बाजूला सरकवून म्हणाला, "मग जुनं बघा एखादं. वास मरून गेलेलं." आणि सावत्र आईच्या हातातला घास हातातच राहिला, कारण तो स्वेटर तिने तीन दिवसांपूर्वी धुतला होता.

धुतला म्हणजे कसा, तर उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात, जंतुनाशक घालून. ती रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं काम करत होती. तिथे प्लास्टिकच्या पिशवीला घट्ट गाठ मारलेली असली की तिचा अर्थ एकच: आत दूषित कपडे आहेत. डाग पडलेले कोट, फडकी. ती पिशवी उघडायची ती हातमोजे घालून, श्वास धरून, आणि आतलं सगळं थेट गरम पाण्यात. विचार करायचा नाही. पहिल्याच वर्षी मोठ्या बाईंनी हे तिच्या हाडीमाशी भिनवलं होतं. सामान लावताना तिसऱ्या खोक्यात कापडी थैली निघाली, थैलीत पिशवी, पिशवीला दुहेरी गाठ, आत करड्या लोकरीचा, कोपरांवर विरलेला स्वेटर. तिचं डोकं स्वयंपाकघरातल्या गळक्या नळात होतं. हातांनी त्यांचं काम केलं. तासाभराने ती तो वाळत घालायला गेली आणि बाह्या बघून चपापली. स्वेटर आटून जाड, ताठ, एखाद्या शाळकरी पोरीच्या मापाचा झाला होता. तेव्हा तिला वाईट वाटलं ते एवढंच, की चांगली लोकर फुकट गेली. वाळल्यावर तिने तो नीट घडी घालून, नव्या पिशवीत भरून, त्याच कापडी थैलीत परत ठेवला. म्हटलं, जुनाच तर होता, कोण बघतंय.

त्याच वेळी, तिथल्या तिथे, ताटावर सांगून टाकायला हवं होतं. तिने तोंड उघडलंही होतं. पण त्या घरात तोंड उघडताना तिला नेहमी आधी दार वाजवल्यासारखं वाटायचं. चार वर्षांत मुलीने तिला कधी कुठल्या नात्याने हाक मारली नव्हती. आई नाही, मावशी नाही, काही नाही. उर्मटपणाही नव्हता त्यात. मुलगी वाक्यंच अशी जुळवायची की हाक लागू नये. हवं ते मिळेपर्यंत समोर येऊन उभी राहायची, किंवा दुसऱ्या खोलीतून भांडं आपटायची, म्हणजे हिने जावं. लग्नाआधी नवऱ्याने सांगितलं होतं, पोरगी गुणी आहे, वेळ दे. तिने दिला. चार वर्षं दिला. आणि त्या चार वर्षांत त्या घरात तिच्या नावाचा एक खण झाला नव्हता. तिचे कपडे पलंगाखालच्या बॅगेत असायचे, कागदपत्रं प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात, आणि दोन कानातली पर्सच्या आतल्या कप्प्यात, जी ती रोज घरी-दारी वागवायची. लहानपणी तिघी बहिणींत एकच पत्र्याची ट्रंक होती. धाकटी म्हणून तिचे कपडे तळाशी. काही काढायचं तर आधी दोघींचं उपसायचं, मग दोघींच्या शिव्या खायच्या. तेव्हापासून तिला एक खण हवा होता, दुसऱ्या कुणाचं न उपसता उघडता येईल असा. कपाट घ्यायचं ठरलं तेव्हा, ती खोटं कशाला बोलेल, तिच्या मनात सगळ्यात आधी आला तो हा खण. स्वेटर त्यानंतर आला. या गोष्टीची तिला नंतर फार लाज वाटली.

आणि आता ती या दुकानात उभी होती, दुपारच्या उन्हात, बंद पडलेल्या छापखान्याच्या शेडमध्ये. इथे जुनी कपाटं, पेटारे, मांडण्या, फडताळं दाटीवाटीने उभी होती, घरं मोडलेल्या माणसांनी वाट बघत बसावं तशी. मालकाला सगळे मास्तर म्हणत; शाळेत पोरांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला माणूस. शर्टाच्या खिशात पेन्सिल, कानावर आणखी एक. "हे बघा ताई," तो तिला एका बुटक्या, रुंद कपाटापाशी घेऊन गेला. कुठल्याशा औषधांच्या दुकानातलं होतं ते. चाळीस छोटे खण, प्रत्येकावर पितळेची चौकट, चिठ्ठी सरकवायला. ती जागच्या जागी विरघळली. चाळीस चिठ्ठ्या. प्रत्येक गोष्ट आपापल्या ठिकाणी, नावासकट. तिने एक खण ओढला. तो हळूच, कुरकुर न करता आला. "औषधांचा येतोय," मुलगी म्हणाली होती ते याच कपाटाबद्दल. मग आरशाचं उभं कपाट आलं, त्यात डांबरगोळ्या होत्या. शिसवी पेटारा आला, मुलीला तो बघताक्षणी आवडला होता. सगळं एकत्र, एकावर एक टाकता येतं म्हणून. पण झाकण उघडलं आणि ती मागे सरली. "तंबाखू." मास्तर कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "मी चौतीस वर्षं लाकडात आहे. हा तंबाखू मला नाही येत, आणि तुला येतोय?" मुलगी म्हणाली, "येतोय." मास्तर हसला नाही. एका खुर्चीवरचा धुरळा झटकून त्याने ती मुलीकडे सरकवली.

"ठेवणार काय आहेस, ते सांग आधी."

"एक स्वेटर."

"आणि?"

"बाकीचं काहीही कसंही राहू दे. तो नीट राहिला पाहिजे."

मास्तरने सावत्र आईकडे बघितलं. तिने एका मांडणीच्या पायाकडे बघितलं. त्या पायाला खाली चाक होतं आणि चाकात दोऱ्याचा गुंता अडकला होता. तो काढायला हवा असं तिला फार तीव्रतेने वाटलं. "मी टेप लावून कपाट विकत नाही," मास्तर म्हणत होता. "माणसं कपाटाचं माप घेतात आणि आत ठेवायच्या वस्तूचं घ्यायला विसरतात. मग घरी नेलं की दार लागत नाही, आणि मला फोन. माझ्याकडे रीत आहे. जे ठेवायचं ते इथे आणायचं, माझ्यासमोर ठेवायचं, बंद करायचं, उघडायचं. पटलं तर न्या. त्या कोपऱ्यात सहा खणांचं आहे एक, सागाचं. आतून घासून चार दिवस उन्हात ठेवतो. शनिवारी तुझा स्वेटर घेऊन ये."

"आणते," मुलगी म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

तो आठवडा कसा गेला ते सावत्र आईलाच माहीत. सोमवारी ती सांगणार होती, पण मुलगी परीक्षेचा अर्ज भरत होती. मंगळवारी नवरा घरी होता. बुधवारी दोघीच होत्या, मुलगी खिडकीशी नखं कापत होती, याहून चांगली वेळ मिळणार नव्हती; तिने "ऐक ना," म्हटलं, मुलीने मान वर केली, आणि ती म्हणाली, "कात्री जागेवर ठेव." माणूस स्वतःला किती हलकट समजू शकतं याला काही सीमाच नसते. प्रयोगशाळेत नळ्या फिरवताना तिच्या डोक्यात एकेक युक्ती यायची. सामान हलवणाऱ्यांनी एक थैली हरवली असं सांगितलं तर? कुठल्याही घरबदलीत काहीतरी हरवतंच. थैली बोळातच होती, कचऱ्याची गाडी सकाळी सातला यायची, फक्त हात लांब करायचा होता. गुरुवारी सकाळी तिने तो लांबही केला. थैली हातात घेऊन जिन्याच्या अकरा पायऱ्या उतरली आणि मग बाराव्या पायरीवर बसून राहिली. गाडी निघून गेली. वर येताना दारात नवरा उभा होता, रात्रपाळीहून आलेला. त्याने थैलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, थैली तिच्या हातातून घेतली आणि खोक्यात परत ठेवली. हलकेच, दोन्ही हातांनी. त्याला काय वाटलं असेल याचा विचार करत ती दिवसभर चुकीच्या नळ्यांवर बरोबर चिठ्ठ्या लावत राहिली, आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा मोठ्या बाईंनी तिचं काम दुसऱ्यांदा तपासायला घेतलं.

सगळ्यात वाईट होतं ते वेगळंच. तिने आठवून बघितलं, तो वास होता तरी कसा? गाठ तिनेच सोडली होती. आठ वर्षं कोंडलेला तो वास पिशवीबाहेर आला तेव्हा त्या घरात त्याच्यासमोर तिचंच तोंड होतं. कुणीतरी घेतलेला तो शेवटचा वास. तिने डोळे मिटून पुन्हापुन्हा त्या क्षणापाशी जाऊन बघितलं: नळाची टपटप, नखांना बोचलेली गाठ, करडा रंग. आणि वासाच्या जागी काही नाही. कारण तिने श्वास धरला होता. शिकवल्याप्रमाणे.

शनिवारी बसमध्ये मुलगी खिडकीशी बसली, थैली मांडीवर घेऊन. बस रिकामी होती. पुढच्या बाकावर एक म्हातारा पेपराची घडी करून पंख्यासारखी हलवत होता. "मी फार उघडत नाही," मुलगी आपण होऊन बोलली, आणि हे इतकं दुर्मिळ होतं की सावत्र आई दचकली. "वर्षातून एकदा. प्रत्येक वेळी थोडा थोडा उडतो ना. लहान असताना मी रोज उघडायचे, मग एकदा वाटलं, कमी झालाय. तेव्हापासून दुहेरी गाठ मारते." तिची बोटं थैलीवरून फिरत होती. मग ती थांबली. तिने थैली थोडी दाबून बघितली. "लहान झाल्यासारखा वाटतोय," ती म्हणाली, स्वतःशीच. "दबला असेल," तिची सावत्र आई म्हणाली. हे दोन शब्द तिच्या तोंडून गेले आणि तिच्या पाठीवरून घामाचा एक थेंब कंबरेपर्यंत सरळ उतरला. आतापर्यंत ती गप्प होती. आता ती खोटं बोलली होती. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते तिला बसच्या त्या बाकावर नीट कळलं.

मास्तरने कपाट दाराशी, उजेडात आणून ठेवलं होतं. सहा खण, एकाखाली एक, लाकडी मुठी, एका कडेला टवका उडालेला. दिसायला साधं. मुलगी एकेक खण उघडून वाकली. वरून पहिला, दुसरा, तिसरा. शेवटच्यापाशी ती फरशीवर बसली, बराच वेळ तोंड आत ठेवून. बाहेर आली तेव्हा तिच्या नाकाला लाकडाची बारीक भुकटी लागली होती. "कसलाच नाही," ती म्हणाली. "नुसतं लाकूड." मास्तरची छाती फुगली. "चार दिवस उन्हात होतं. काल पावसाचे चार थेंब आले तर मी यावर माझी चादर घातली. हं, ठेव आता." मुलीने थैलीची नाडी सैल केली.

"थांब," तिची सावत्र आई म्हणाली. "ते उघडू नको. मी धुतलाय तो."

बोलायला इतका कमी वेळ लागला. मास्तरने दोघींकडे आळीपाळीने बघितलं, कानावरची पेन्सिल काढली, एक बिजागरी शोधायची आहे असं काहीसं पुटपुटला आणि शेडच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला वर्गाबाहेर कधी जायचं ते कळतं.

"कधी?" मुलीने विचारलं.

"सामान लावताना. तू जेवताना बोललीस त्याच्या तीन दिवस आधी. मला माहीत नव्हतं. पिशवीला गाठ होती, आमच्याकडे तशी पिशवी आली की धुवायचीच असते. माझं लक्ष नव्हतं."

"पाणी गरम होतं?"

गार म्हणता आलं असतं. "उकळतं होतं," ती म्हणाली. "औषध घातलेलं."

मुलीने तरी पिशवी बाहेर काढली. नव्या पिशवीकडे बघितलं, उघडली, स्वेटर हातात घेतला, आणि त्याचा आकार बघून तो आपल्या खांद्यांशी धरला. "हा कुणाचाय?" ती म्हणाली. मग तिने तो तोंडाशी नेला. डोळे न मिटता. एकदा कॉलरपाशी, एकदा काखेत, एकदा बाहीच्या टोकाशी. कपाटं हुंगताना होती तीच पद्धत, तितकीच शांत. समोर उभ्या बाईला वाटलं, हिने ओरडावं, थोबाडीत मारावी, काहीतरी फेकावं. इतकी कपाटं होती आजूबाजूला.

"तुम्ही उघडलात तेव्हा होता?"

"काय?"

"वास. तुम्ही पिशवी उघडलीत तेव्हा होता का अजून? कसा होता?"

मुलगी वाट बघत उभी राहिली, पहिल्यांदाच तिच्याकडे काहीतरी मागत, तिच्याच जवळ असू शकेल असं काहीतरी. होता म्हणावं, असा होता, तसा होता, काहीही. "मी श्वास धरला होता," ती म्हणाली, आणि रडू लागली. मुलगी रडली नाही. ती तोंड फिरवून त्या सहा खणांकडे बघत राहिली.

"तुम्ही सांगणार नव्हतात," ती म्हणाली.

"नव्हते. परवा टाकायला निघाले होते."

"बाबांनी सांगितलं मला. म्हणाले, बघ, तिने तुझी थैली उन्हाला नेली होती." मुलीने स्वेटरची घडी घातली, तो इतका ताठ होता की घडी बसेना. "ते पण उघडतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही. गाठ त्यांना माझ्यासारखी मारता येत नाही. घर हलवल्यापासून नसेल उघडली, नाहीतर कळलं असतं. त्यांना सांगायचं नाही. ऐकलंत? त्यांनी विचारलं तर मी सांगेन, आहे अजून."

"पण कपाट आल्यावर ते बघतील ना."

"माझ्या खणात बघतील." मुलीने सगळ्यात वरचा खण ओढला. "म्हणून हा तुम्ही घ्या. तुमच्या खणात ते हात घालणार नाहीत." तिने स्वेटर पुढे केला आणि हात तसाच लांब ठेवला, समोरच्या हाताला बोट लागणार नाही इतपत. पलीकडून मास्तरने हाक मारून विचारलं की बसतंय का, की दुसरं दाखवू. "बसतंय," मुलगी म्हणाली. "हेच घेतोय आम्ही." तिच्या आवाजात काही नव्हतं. नाक अजून भुकटीने माखलेलं होतं, आणि ते पुसावं असं तिच्या सावत्र आईला वाटलं आणि तिने पुसलं नाही. तिने स्वेटर खणात ठेवला. खण सहज बंद झाला, मास्तरने काम चोख केलं होतं. ज्या घरात चार वर्षं तिला एक खण हवा होता त्या घरात आता तिचा खण होता, सगळ्यात वरचा, हाताशी येणारा, आणि त्यात आणखी काही ठेवायची तिची कधीही छाती होणार नव्हती.